दाखल्यावर सही करू नका, आधी शाळेला पत्र द्या

तासगाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"माझी मुलगी यंदा दहावीत गेली. गेल्या दिवाळीनंतर तिचं बिनसलं. शाळेला जाईना, अंथरुणातून उठेना, जेवण सुटलं. आम्हाला वाटलं अभ्यासाचा कंटाळा. फेब्रुवारीत जरा सावरली आणि एप्रिलमध्ये एकदम उलटं झालं. रात्र रात्र जागायची, सारखी बोलायची, पहाटे तीनला उठून वह्याच्या वह्या भरायची. मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांनी बायपोलर सांगितलं, लिथियम सुरू केलं. आता बरी आहे, पण सकाळी डोळा उघडत नाही आणि लिहिताना हात थरथरतो. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के असतो, तुम्ही दाखला घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. मालकांचं म्हणणं, शाळेत आजाराचं नाव काढायचं नाही, अपंगाचं सर्टिफिकेट तर नकोच, उद्या लग्न कसं जमायचं? सासूबाई अमावास्येला देवऋष्याकडे न्यायचं म्हणतात. पुण्याच्या माझ्या भावाने अमेरिकेत अशा मुलांना 'आयईपी' नावाचा आराखडा करून देतात, अशी माहिती पाठवली आहे. आपल्याकडे असं काही असतं का? की तिला मतिमंद मुलांच्या शाळेत घालावं लागेल?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तिला कुठल्याही वेगळ्या शाळेत घालायचं नाही. बायपोलर म्हणजे मतिमंदत्व नव्हे. मूड फार खाली किंवा फार वर गेलेला असताना लक्ष लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, हात सावकाश चालतो. आजार आटोक्यात आला की यातलं बरंचसं परत येतं. तिला जे विशेष शिक्षण लागणार आहे ते त्याच वर्गात, त्याच सरांकडून मिळायचं आहे. काही गोष्टी तेवढ्या तिच्यापुरत्या वेगळ्या करायच्या.

आता दाखल्याचं. कितीही गोड बोलून अर्ज पुढे केला तरी सही करू नका. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणं, वाईट आहे असं मी म्हणत नाही, शाळा सुटलेल्या कितीतरी मुली त्यावर दहावी झाल्या आहेत. पण तुमच्या मुलीला आज गरज आहे ती ठरल्या वेळेला उठण्याची, वेणी घालून बाहेर पडण्याची, चार मुलींत बसण्याची. या आजारात झोपेची घडी विस्कटली की बाकीचं विस्कटायला वेळ लागत नाही. दिवसा झोप आणि रात्री मोबाइल हे घरी बसलेल्या मुलांचं महिनाभरात सुरू होतं. शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स गेटवर लावायची हौस शाळेची, आणि त्यासाठी घरी बसायचं तुमच्या मुलीने, हा कुठला हिशोब?

कायदा तुमच्या बाजूने आहे, तेवढा माहीत करून घ्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार हा त्यातला एक. त्याच्या व्याख्येत विचार, आकलन, स्मरण यांच्या जोडीला मनःस्थितीतला, म्हणजे मूडमधला, गंभीर बिघाडही धरला आहे. कलम १६ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता शिकवायचं आहे, गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या आहेत. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांचा उल्लेख आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर कायदा आपटायला जाऊ नका. पिशवीत असू द्या.

भावाने पाठवलेलं खरं आहे. अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे, तिथे पात्र ठरलेल्या मुलाचा लेखी आराखडा शाळेला करावाच लागतो आणि दीर्घकाळच्या नैराश्याचाही त्यात विचार होतो. तो कायदा तासगावात चालत नाही, पण लेखी आराखड्याची कल्पना उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आणि तज्ज्ञ असतात, बारावीपर्यंतच्या मुलांसाठी. तालुक्याच्या गट साधन केंद्रात चौकशी करा. मात्र या मंडळींचा हात बसलेला असतो तो कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या, गतिमंद मुलांवर. हसती-बोलती, पहिल्या पाचात येणारी मुलगी समोर बसली की त्यांनाही प्रश्न पडतो, हिला काय झालंय? म्हणून तिथे रिकाम्या हाताने जाऊ नका. आराखड्याचा कच्चा कागद तुम्हीच घेऊन जा.

या आजारात शाळेची अडचण कुठे होते ते सांगते. ज्याला दिसत नाही त्या मुलाला लागणारी सोय रोज तीच असते. तुमच्या मुलीला जुलैत कदाचित काहीच लागणार नाही आणि नोव्हेंबरात सगळंच लागेल. जुलैत तिला फळ्यावर भराभर गणितं सोडवताना पाहिलेले सर नोव्हेंबरात म्हणणार, "तेव्हा तर येत होतं, आता नाटकं करतेय." त्या वेळी तुम्ही समजावायला गेलात तर ती सबब वाटते. आभाळ भरून आलं की तुमचे मालक डावणीची फवारणी करून घेतात ना? पानावर डाग पडायची वाट बघत नाहीत. इथेही तेच करायचं. ती बरी आहे तोवर, याच महिन्यात, सगळं कागदावर आणा.

कागदावर काय लिहायचं? आजाराची माहिती नको, ती डॉक्टरांच्या फाइलमध्ये आहे. तिचा बरा दिवस कसा असतो, खाली गेलेला दिवस कसा असतो, वर गेलेला दिवस कसा असतो आणि त्या त्या दिवशी शाळेने काय करायचं, एवढंच. एक पान पुरे. दोन पानं झाली की कोणी वाचत नाही.

खालच्या दिवसांतलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे राहिलेला अभ्यास. मूल कसंबसं शाळेत परत येतं आणि पहिल्याच तासाला फर्मान निघतं, "वह्या पूर्ण करून आण." मिरज तालुक्यातल्या एका शाळेत आठवीतल्या एका मुलाला असंच पाच विषयांचं सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. मग त्याच्या वर्गशिक्षिकेने जे केलं ते मला फार आवडलं. इतिहास-भूगोलाच्या झेरॉक्स काढून त्याच्या वहीत स्वतः चिकटवल्या. गणितात प्रत्येक प्रकरणातली तीनच उदाहरणं ठेवली आणि तीही ऑफ तासाला शेजारी बसवून सोडवून घेतली. वहीत मागच्या तारखा घालू दिल्या नाहीत, आजचीच तारीख आणि आजचाच धडा. मागचं मागे राहिलं. तुमच्या कागदात हे स्पष्ट लिहून घ्या: गैरहजेरीनंतर आल्यावर जुन्या वह्या उतरवून काढायच्या नाहीत, गृहपाठ निम्मा, सात दिवसांनी पुन्हा बघायचं. तोंडी उत्तर चालेल का, तेही विचारा. दहा ओळी लिहायला अर्धा तास लागणारी मुलगी तेच दोन मिनिटांत सांगू शकते.

आणि लक्षात ठेवा, मुलांमधलं नैराश्य रडकं असतंच असं नाही, पुष्कळदा ते चिडकं असतं. उलट उत्तर, बाकावर डोकं, वही आपटणं. चिडलेल्या मुलीशी वर्गासमोर हुज्जत घालायची नाही, बोलायचं ते तास संपल्यावर, एकटीशी. हे वाक्य कागदात असलं तर वर्षभरातले निम्मे तंटे टळतील.

वरचे दिवस ओळखणं शाळेला जास्त जड जातं, कारण सुरुवातीला ते सगळ्यांना आवडतात. "केवढी सुधारली बघा!" म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला हात वर, वक्तृत्वात नाव, नृत्यात नाव, गॅदरिंगचं सूत्रसंचालनही तीच करणार, शिवाय वर्गातल्या मुलींना रात्री बारा वाजता चाळीस मेसेज. एखाद-दुसरी गोष्ट असेल तर उत्साह समजा. पण झोप कमी होऊनही थकवा नाही आणि बोलणं थांबवता येत नाही, असं दोन दिवस दिसलं की शाळेने घरी फोन करायचा आणि तुम्ही डॉक्टरांना. गॅदरिंगमध्ये भाग जरूर घेऊ द्या, पण एकाच कार्यक्रमात, आणि रात्रीच्या तालमी नाहीत. घरच्यांनाही हेच लागू आहे. गणपतीतलं जागरण, दांडिया, गावची जत्रा, सगळीकडे जायचं आणि ठरलेल्या वेळेला परत येऊन झोपायचं. बेदाण्याच्या दिवसांत तुमच्या घरात रात्रीअपरात्री माणसांची ये-जा असेल तर तिची झोपायची खोली आत्ताच बदला.

रोजच्या बारीकसारीक गोष्टी आता भराभर सांगते. लिथियमवर तहान जास्त लागते, लघवीला जावं लागतं, म्हणून बाकावर पाण्याची बाटली आणि न विचारता बाहेर जायची मुभा हवी. यासाठी काही शाळा पोस्टकार्डाच्या निम्मा एक पुठ्ठा देतात. तो कंपासपेटीत राहतो, मुलगी तो बाकाच्या कोपऱ्यावर ठेवते आणि जाते, सर मान हलवतात, वर्गाला पत्ता लागत नाही. डोकं भणभणायला लागलं तरी हाच पुठ्ठा चालतो, दहा मिनिटं लायब्ररीत बसून परत यायचं. सकाळच्या गुंगीबद्दल आणि हाताच्या थरथरीबद्दल डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची का ते त्यांनी ठरवायचं, आपण मनाने गोळी मागेपुढे करायची नाही. रक्ताची तपासणी सांगतील त्या तारखेला झालीच पाहिजे. पाळीत पोट दुखतं म्हणून शाळेतून किंवा मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेण्याआधीही त्यांना विचारा, काही पेनकिलरने लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आणि "गोळी घेतलीस का?" हा प्रश्न वर्गात कोणीही, अगदी प्रेमाने सुद्धा, विचारायचा नाही.

एक गोष्ट मात्र सावकाश वाचा. खाली गेलेल्या दिवसांत "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही ती बोलली, लिहिलं, मैत्रिणीला सांगितलं, तर ते गुपित राहत नाही. ज्याला कळलं त्याने त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं, हेही कागदात हवं. तुम्हीही तिला सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही भीती खोटी आहे. तिच्या गोळ्यांचा डबा तुमच्याकडे ठेवा. शेडमधली फवारणीची औषधं आजच कुलपात गेली पाहिजेत आणि किल्ली मालकांच्या खिशात. द्राक्षाच्या पट्ट्यात हे मी प्रत्येक घराला सांगते. अडीअडचणीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत. पण धोका समोर दिसत असेल तर फोनवर बोलत बसू नका, तिला एकटी न सोडता सरळ दवाखाना गाठा.

आता तुमच्या मालकांचं म्हणणं. त्यांची भीती मी उडवून लावणार नाही, गाव कसं बोलतं ते मलाही माहीत आहे. त्यांच्या म्हणण्यातलं निम्मं मी मान्य करते. आजाराचं नाव सगळ्या शाळेला कळायची गरज नाही. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक, या दोघांनाच सांगा. बाकीच्या शिक्षकांना काय करायचं ते कळलं की झालं, का करायचं ते नको. सेवकमामा, गाडीवाले काका, इतर पालक यांचा तर संबंधच नाही. पण या दोघांपासूनही लपवलंत तर तिच्या प्रत्येक वाईट दिवसाचा अर्थ ते आपापल्या मनाने लावतील, आणि तो आळस, उद्धटपणा, "घरचं लक्ष नाही" असाच लागेल.

सर्टिफिकेटबाबत मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. शाळेच्या आतल्या सोयींसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि समजूतदार मुख्याध्यापक एवढ्यावर भागतं. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ (ताशी २० मिनिटांच्या हिशोबाने), लेखनिक वगैरे सवलत हवी असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. दहावीचे फॉर्म साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरतात आणि सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे जातो. प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून आत्ता सुरुवात करायची. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी शासकीय रुग्णालयात. सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे.

तपासणीत आजाराच्या नावाला टक्के मिळत नाहीत. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद, काम यांत किती अडतं ते बघून टक्के ठरतात. तेव्हा मागची फाइल न्या, एप्रिलमधले दिवस सांगा, फक्त आजचा दिवस दाखवू नका. ४० टक्क्यांच्या खाली आलं तर बोर्डाची सवलत कठीण जाईल, पण कलम १६ आणि १७ मध्ये ४० टक्क्यांची अट नाही, त्यामुळे शाळेकडे मागणं चालूच ठेवता येतं. आणि मालकांना हे वाचून दाखवा: ज्या आजारात फरक पडू शकतो त्याचं प्रमाणपत्र मुदतीचं मिळू शकतं, जन्माचा शिक्का बसत नाही. ते वापरायचं की नाही हे पुढे तिच्या हातात आहे. लग्नाआधी आजार लपवावा का, यावर माझं मत कडक आहे, पण मुलगी दहावीत आहे. तो विषय आज घरात निघायलाच नको.

हजेरीचं विसरू नका. बोर्डाला ७५ टक्के लागते. आजारपणात घालवलेल्या प्रत्येक दिवसाची चिठ्ठी डॉक्टरांकडून त्याच वेळी घ्या, म्हणजे कमी पडली तर शाळेच्या शिफारशीने मंडळाकडे सूट मागता येते. फेब्रुवारीत बसून मागच्या तारखांच्या चिठ्ठ्या मागायला गेलात तर चांगले डॉक्टर देणार नाहीत, आणि देऊही नयेत.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांचा जीव नातीवर आहे. अंगारा लावायचा तर लावू द्या. मात्र रात्रभर बसवून ठेवणं नाही, उपाशी ठेवणं नाही, पाणी तोडणं तर मुळीच नाही, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियम अंगावर येतं. आणि तिच्या अंगाला कोणी हात लावला तर तिथल्या तिथे उठून निघायचं. दिवसभर घरात त्याच असतात ना? मग रात्री साडेनऊला दिवा बंद करायचं आणि किती तास झोपली ते कॅलेंडरवर लिहायचं काम त्यांच्याकडे द्या. कालनिर्णयच्या चौकटीत नुसता आकडा. डॉक्टरांना त्या आकड्यांचा जेवढा उपयोग होईल तेवढा तुमच्या-माझ्या वर्णनाचा होणार नाही.

तुमच्या पत्रात मुख्याध्यापक काय म्हणतात, मालक काय म्हणतात, सासूबाई आणि भाऊ काय म्हणतात, सगळं आहे. मुलगी काय म्हणते ते नाही. शाळेचं पत्र तिला आधी वाचायला द्या. तिने एखादी ओळ खोडली तर ती ओळ काढायची, फक्त जिवाच्या धोक्याची तेवढी ठेवायची. शाळेत कोणाकडे जावंसं वाटतं तेही तिलाच विचारा. ते वर्गशिक्षकच असतील असं नाही, पीटीच्या मॅडमही असतील.

पत्राचा नमुना देते, आपल्या शब्दांत बदलून घ्या:

"मा. मुख्याध्यापक यांस, सविनय नमस्कार. माझी मुलगी इयत्ता दहावीत आपल्या शाळेत शिकत आहे. तिच्यावर मनःस्थितीच्या आजारासाठी उपचार सुरू असून डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. ती याच शाळेतून, नियमित विद्यार्थिनी म्हणून दहावीची परीक्षा देणार आहे. तिला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ व १७ नुसार सोबतच्या पानावरील सोयी मिळाव्यात आणि त्या ठरवण्यासाठी वर्गशिक्षकांसह भेटीची वेळ द्यावी. आजाराची माहिती आपण आणि वर्गशिक्षक या दोघांपुरतीच ठेवावी, ही विनंती."

दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. क्लार्क म्हणेल "ठेवा, साहेबांना देतो," तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर त्याच पत्राची प्रत सांगली जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना, आणि तिथेही अडलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला.

भेटीला मालकांना बरोबर न्या. आई एकटी गेली की शाळेत "काळजी करू नका हो" म्हणून चहा पाजतात आणि वडील गेले की कागद काढतात. मला हे पटत नाही, पण सांगली जिल्ह्यात अजून तरी असंच आहे.